दुर्गा खोटे: पडदा आणि रंगभूमी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्गा खोटे म्हणजे ‘बॉबी’मधल्या आजीच ना?

हो, त्याच. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आणि ‘अभिमान’मधली दुर्गामावशी याही त्याच. पण एवढ्यावर थांबलात तर त्यांच्या कारकिर्दीचा फक्त उत्तरार्ध हाती लागतो. १४ जानेवारी १९०५ ला मुंबईत जन्मलेल्या आणि २२ सप्टेंबर १९९१ ला गेलेल्या या बाईंनी पडद्यावर पाऊल ठेवलं ते १९३१ मध्ये. तेव्हा भारतीय सिनेमा नुकता कुठे बोलू लागला होता. राणी, चाच्यांची म्होरकी, सीता, मीरा, कैकेयी या सगळ्या भूमिका करून झाल्यावर त्या आईच्या भूमिकांकडे वळल्या. आणि सिनेमातल्या आया रंगवत असतानाच मराठी रंगभूमीवर त्यांनी आनंदीबाई आणि मराठी लेडी मॅकबेथ उभी केली. ही दुसरी बाजू आज फारशी कुणाला ठाऊक नसते, म्हणून पुढे तिच्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

भारतीय सिनेमातली पहिली स्त्री कलाकार त्याच का?

नाही. हा घोटाळा बहुधा नावामुळे होतो. पडद्यावर पहिल्यांदा आलेल्या स्त्रिया म्हणजे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. दोघींनी दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलं. त्या वेळी दुर्गा खोटे आठ वर्षांच्या होत्या.

त्याच वर्षी आलेल्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मात्र तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुष नटाला करावं लागलं होतं, कारण बाई मिळाली नाही. पुढे १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट आला तोही हरिश्चंद्राच्याच कथेवर, आणि त्यातली तारामती झाली सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली एक तरुण विवाहिता. एकोणीस वर्षांत केवढा पल्ला गाठला गेला, हे या दोन तारामती शेजारीशेजारी ठेवल्या की कळतं. दुर्गाबाई पहिल्या नव्हत्या. पण ‘चांगल्या घरच्या’ बाईने सिनेमात जाऊ नये, हा त्या काळचा अलिखित नियम मोडणाऱ्या पहिल्या काही जणींत त्यांचं नाव फार वर घ्यावं लागतं.

मग अशा घरातली मुलगी सिनेमात आली तरी कशी?

गरजेपोटी. ‘कलेची ओढ’ वगैरे कारणं चरित्रात्मक लेखांत शोभून दिसतात, इथे ती लागू नाहीत. माहेरचं नाव विटा लाड. लाड कुटुंब मूळचं गोव्याकडचं, घरात कोकणी बोललं जाई, शिक्षण इंग्रजी शाळेत. कॉलेजात असतानाच खोट्यांच्या घरी लग्न झालं, बकुल आणि हरीन अशी दोन मुलं झाली. मग सासरची आर्थिक घडी पार विस्कटली आणि मिळवायची जबाबदारी अंगावर आली.

पहिला चित्रपट होता मोहन भवनानी यांचा ‘फरेबी जाल’ (१९३१). भूमिका किरकोळ. चित्रपटाने नाव मिळालं ते नको तसलं. लाडांची लेक आणि खोट्यांची सून असल्या चित्रपटात, अशी कुजबुज झाली. तिथेच सगळं संपायचं, पण प्रभात फिल्म कंपनीकडून ‘अयोध्येचा राजा’तल्या तारामतीच्या भूमिकेसाठी विचारणा झाली.

‘अयोध्येचा राजा’चं एवढं कौतुक कशासाठी?

दोन कारणं नेहमी सांगितली जातात: तो पहिला मराठी बोलपट आहे, आणि आज पाहायला मिळणाऱ्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांपैकी तो एक आहे. (पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’, त्याची प्रत उरलेली नाही.) दोन्ही कारणं खरी आहेत, पण ती झाली इतिहासकारांची. अभिनय पाहणाऱ्याने वेगळ्या गोष्टीकडे लक्ष द्यावं.

१९३२ मध्ये पार्श्वगायन नव्हतं. ते हिंदी-बंगालीत १९३५ मध्ये आलं. म्हणजे पडद्यावर जो गातो तो कॅमेऱ्यापुढे, त्याच क्षणी, खरोखर गात असे. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण एकाच दमात. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे, म्हणजे किर्लोस्कर आणि गंधर्व नाटक मंडळ्यांत वावरलेला, संगीतात मुरलेला माणूस, आणि चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. शिवाय चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत बनला, म्हणजे तोच प्रसंग दोनदा, दोन भाषांत उभा करायचा. नाटकाचा अनुभव नाही, सिनेमाचा जेमतेम, आणि हे सगळं कोल्हापुरात, व्ही. शांताराम यांच्यासारख्या शिस्तीच्या दिग्दर्शकापुढे.

आज तो चित्रपट पाहताना बाकीचे नट संगीत नाटकाच्या सवयीने शब्द फेकताना दिसतात. दुर्गाबाई त्या मानाने हळू बोलतात. मंचावर न घडल्याचा तो फायदाच म्हणायला हवा. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय त्यांना नव्हतीच, त्यामुळे मायक्रोफोन त्यांना आपोआप मानवला.

त्या प्रभातच्या नटी होत्या ना?

असं सरसकट म्हणतात, पण ते अर्धसत्य आहे. प्रभातमध्ये त्यांनी ‘अयोध्येचा राजा’, ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) आणि ‘अमरज्योती’ (१९३६) केले. त्यांच्या सुरुवातीच्या नावलौकिकाचा मोठा वाटा या तिघांचा. पण त्या प्रभातच्या कायमच्या पगारी कलाकार राहिल्या नाहीत.

हे नीट समजायला तेव्हाची पद्धत ध्यानात घ्यायला हवी. स्टुडिओ म्हणजे कारखाना. नट, तंत्रज्ञ, सुतार, संगीतकार सगळे महिन्याच्या पगारावर. एका कंपनीच्या माणसाने दुसरीकडे काम करायचं नाही. सुरक्षितता भरपूर, पण कोणती भूमिका मिळेल ते मालक ठरवणार. दुर्गाबाईंनी ही चौकट लवकरच ओलांडली. १९३३ मध्ये त्या कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’त होत्या, १९३४ मध्ये त्याच दिग्दर्शकाच्या ‘सीता’त, पण या वेळी कंपनी ईस्ट इंडिया फिल्म. मग पुन्हा प्रभात, तेही आता कोल्हापूर सोडून पुण्यात आलेलं. चित्रपटागणिक करार करून काम करणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या कलाकारांत त्यांची गणना होते ती यामुळे.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय हाच. पडद्यावर येण्याचं धाडस परिस्थितीने करवून घेतलं, हे मात्र त्यांनी स्वतःहून केलं. दोन मुलं पदरात असलेल्या बाईने बांधलेला पगार नाकारणं ही गोष्ट त्या काळात काय, आजही सोपी नाही.

‘अमरज्योती’तली सौदामिनी पाहण्यासारखी आहे का?

आहे. अन्याय सोसून समुद्री चाच्यांची म्होरकी झालेली आणि सूड उगवायला निघालेली स्त्री, हा विषय १९३६ चा आहे यावर विश्वास बसत नाही. सौदामिनी कुणाची कीव मागत नाही. समोर चंद्रमोहन, सोबत शांता आपटे, आणि तरी चित्रपट दुर्गाबाईंचा राहतो. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला होता. त्याआधी ‘सीता’ही तिथे पोचला होता.

तेव्हा दुर्गाबाई एकतीस वर्षांच्या होत्या, उंचीने आणि चालण्या-वागण्याने भारदस्त. राणीच्या भूमिका त्यांना का मिळत हे कळायला त्यांची एक एन्ट्री पुरते.

त्यांनी चित्रपटनिर्मितीही केली का?

केली. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘साथी’च्या निर्मितीत त्या उतरल्या. हा चित्रपट मराठीत ‘सवंगडी’ या नावाने आला. पुढे अनुबोधपट, जाहिरातपट बनवणारी स्वतःची संस्था काढली. दूरदर्शनवर १९८८ मध्ये गाजलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर बेतलेली, कुंदन शहा यांनी दिग्दर्शित केलेली, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांची ती मालिका.

नायिकेच्या भूमिका सोडून त्या आईच्या भूमिकांकडे कधी आणि का वळल्या?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फार लवकर. १९४१ मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’त (हिंदीत ‘चरणों की दासी’) त्यांनी सुनेला छळणारी सासू केली. सून झाली होती वनमाला. तेव्हा दुर्गाबाईंचं वय छत्तीस. त्या वयाच्या नायिकेला आजही कुणी सासूची भूमिका देऊ केली तर ती नाराज होईल, आणि ही तर खाष्ट सासू. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. या दोन्ही भूमिकांसाठी बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशनने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. लागोपाठ दोन वर्षं, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांचा राग ओढवून घेणाऱ्या भूमिकांसाठी!

‘का’ याचं उत्तर मला तरी व्यवहारी वाटतं. नायिकेचं आयुष्य पडद्यावर लहान असतं. चरित्र अभिनेत्रीचं काम हात-पाय चालतात तोवर चालतं. ज्या बाई मुळात घर चालवण्यासाठी या धंद्यात आल्या, त्यांनी हे वेळेवर ओळखलं आणि पुढची चाळीस वर्षं काम केलं.

त्यातली बरीचशी कामं साचेबंद होती हेही खरं. हिंदी सिनेमाने त्यांच्या पुढ्यात पांढरी साडी, देवघर आणि डोळ्यांत पाणी यापलीकडे फारसं काही ठेवलं नाही. जिथे लेखक बरा भेटला तिथे फरक दिसतो: ‘बावर्ची’ (१९७२), ‘अभिमान’ आणि ‘नमक हराम’ (दोन्ही १९७३), गुलजार यांचा ‘खुशबू’ (१९७५). ‘बिदाई’साठी (१९७४) त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या.

जोधाबाईची भूमिका एवढी गाजली, त्यात खास काय?

‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्ये ओरडणारे पुष्कळ आहेत. अकबर गरजतो, सलीम धुमसतो, अनारकली आव्हान देते. जोधाबाईला यातलं काही करायची मुभा नाही. ती एकाच वेळी बादशहाची बेगम आणि बंडखोराची आई आहे, म्हणजे ज्या बाजूने बोलेल तिथे अर्धी हरणार. दुर्गाबाईंनी हे सगळं मानेच्या वळण्यात आणि मध्येच सोडलेल्या वाक्यांत मावून दाखवलं.

आणखी एक गंमत. अकबर झालेले पृथ्वीराज कपूर त्यांना नवीन नव्हते. ‘राजरानी मीरा’त दोघं होते, ‘सीता’त तर पृथ्वीराज राम आणि दुर्गाबाई सीता. पंचवीसेक वर्षांपूर्वीचे राम-सीता इथे अकबर-जोधा म्हणून समोरासमोर आले. त्या दोघांतला सराईतपणा दिग्दर्शकाने शिकवून येणारा नव्हता. पृथ्वीराजांचा मुलगा राज कपूर पहिल्यांदा पडद्यावर दिसला तो १९३५ च्या ‘इन्किलाब’मध्ये, त्यातही दुर्गाबाई होत्या. त्याच राज कपूरने १९७३ मध्ये ‘बॉबी’साठी त्यांना मिसेस ब्रॅगान्झा केलं.

नाटकात त्या आधी होत्या की सिनेमात?

सिनेमात. मराठीतला नेहमीचा रस्ता नाटकाकडून सिनेमाकडे जातो. दुर्गाबाई उलट्या दिशेने गेल्या.

त्याला कारण आहे. त्या तरुण होत्या तेव्हा मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करत. बालगंधर्वांचा काळ तो. शिकलेल्या घरातली मुलगी नाटकात जाणार म्हणजे कुठे जाणार? हिराबाई बडोदेकर यांनी १९२९ च्या सुमारास स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रियांना रंगमंचावर आणलं. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या. दारं किलकिली होत होती, पण त्याच सुमाराला बोलपटांनी नाटक मंडळ्यांचं कंबरडं मोडलं. म्हणजे दुर्गाबाई सिनेमात नाव कमावत होत्या तेव्हा त्यांनी जावं अशी नाटक कंपनी फारशी उरलीच नव्हती.

१९४० च्या दशकात चित्र बदललं. इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) ही नाट्यसंघटना उभी राहिली, तिच्याशी दुर्गाबाईंचा संबंध आला. मुंबईत गिरगावात डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघाने जुन्या नाटकांना नव्याने उभं करायला घेतलं. दुर्गाबाईंची रंगभूमीवरची मोठी कामं इथली.

रंगभूमीवरच्या त्यांच्या गाजलेल्या भूमिका कोणत्या?

दोन तरी माहीत असाव्यात. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली (मूळ नाटक १९०९ चं) आनंदीबाई, आणि वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधली (१९५४) लेडी मॅकबेथची मराठी बहीण.

या दोन बायका एका रक्ताच्या आहेत. दोघींचे नवरे सत्तेच्या उंबऱ्यावर घुटमळतात, दोघी त्यांना आत ढकलतात, आणि दोन्हीकडे घरात आलेल्या पाहुण्याचा वा पुतण्याचा खून होतो. आनंदीबाईला तर ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून महाराष्ट्राने केव्हाच शिक्षा ठोठावलेली. अशा बाईला मंचावर फक्त खलनायिका करणं सगळ्यात सोपं. समोर राघोबादादा म्हणून नानासाहेब फाटक असले की आणखी अवघड, कारण फाटकांचा आवाज आणि त्यांची फेक यांपुढे भले भले नट दबून जात. दुर्गाबाई टिकल्या, नुसत्या टिकल्या नाहीत तर जोडी म्हणून लोकांच्या लक्षात राहिल्या.

आता तारखा ताडून पाहा. सिनेमा त्यांना सोशीक आया देत होता नेमक्या त्याच वर्षांत त्या गिरगावात जाऊन राज्य उलथवणाऱ्या बायका करत होत्या. सौदामिनी आणि कैकेयी यांच्यानंतर पडद्याने त्यांच्याकडून जे मागणं बंद केलं, ते त्यांना नाटकात मिळालं. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. केवळ चित्रपटांच्या यादीवरून त्यांचं मोल ठरवणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच निसटते.

नाटकाने पैसे मिळत होते का?

पोट भरण्याइतके नाहीत. संघाची नाटकं ही हौस, निष्ठा आणि प्रतिष्ठेचा मामला होती. घर सिनेमावर चालायचं. तालमींसाठी वेळ काढायचा म्हणजे चित्रीकरणाच्या तारखा सांभाळायच्या, हे गणित आजच्या मालिका करून प्रायोगिक नाटक करणाऱ्या मुलींना समजावून सांगायला नको.

त्यांनी इंग्रजी चित्रपट केला होता का?

‘द हाउसहोल्डर’ (१९६३). इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांचा पहिला कथापट. शशी कपूर आणि लीला नायडू यांच्या संसारात लुडबुड करणारी आई दुर्गाबाईंची. विनोदाचं त्यांचं अंग पाहायचं असेल तर हाच बघा.

कोणते मोठे सन्मान मिळाले?

संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९५८ मध्ये, पद्मश्री १९६८ मध्ये, आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. फाळके पुरस्कार मिळवणाऱ्या स्त्रियांत त्या चौथ्या: आधी देविका राणी, सुलोचना (रूबी मायर्स) आणि कानन देवी. मराठी नाट्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. मे २०१३ मध्ये भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटांत त्यांचंही तिकीट आहे.

शुभा खोटे, विजू खोटे आणि विजया मेहता त्यांच्या कोण?

शुभा आणि विजू खोटे ही त्यांच्या दिराची, म्हणजे नंदू खोटे यांची मुलं. दुर्गाबाई त्यांच्या काकू. ‘शोले’तल्या कालियाचं हे नातं ऐकून पुष्कळांच्या भुवया वर जातात.

विजया मेहता त्यांच्या सूनबाई. माहेरच्या विजया जयवंत यांचं पहिलं लग्न हरीन खोटे यांच्याशी झालं होतं. हरीन अकाली गेले. पुढे विजयाबाईंनी फरोख मेहता यांच्याशी लग्न केलं. १९६० मध्ये ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू करून विजयाबाईंनी मराठी नाटकाला जे वळण दिलं ते साहित्य संघाच्या परंपरेपेक्षा फार निराळं होतं. सासू खाडिलकरांच्या नाटकात आणि सून प्रायोगिक रंगभूमीवर, असं एकाच घरात त्या काळी चालू होतं.

आत्मचरित्र वाचावं का?

जरूर. ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ मध्ये आलं. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे, पण मराठी वाचता येत असेल तर मूळच घ्या. बाईंची भाषा घरगुती आहे आणि स्वतःबद्दल त्या फार हळव्या होत नाहीत. सिनेमाच्या मंडळींचे किस्से मिळतील म्हणून उघडलंत तर थोडी निराशा होईल. घर, पैसा, मुलं, दुःखं यांनाच पुस्तकात मोठी जागा आहे.

नव्याने पाहायला लागायचं तर क्रम काय ठेवावा?

आधी ‘अमरज्योती’. जुन्या चित्रपटाच्या संथ गतीची सवय नसेल तरी सौदामिनी तुम्हाला धरून ठेवेल. मग ‘मुघल-ए-आझम’, या वेळी फक्त जोधाबाईकडे लक्ष ठेवून. त्यानंतर ‘द हाउसहोल्डर’ आणि ‘अभिमान’. ‘अयोध्येचा राजा’ शेवटी ठेवा. त्याचा आवाज आणि चित्र दोन्ही झिजलेले आहेत, पहिल्यांदाच तो लावला तर अर्ध्यात उठाल. आणि ‘भाऊबंदकी’ची संहिता कुठे मिळाली तर आनंदीबाईची भाषणं मोठ्याने वाचून बघा, खाडिलकरांची ती लांबलचक वाक्यं एका श्वासात पेलायला काय लागतं ते घशालाच कळेल.